वकील फुकट मिळतो, हे आरटीओत लिहायला काय हरकत आहे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

भांडुपला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. डबे मुलुंडपासून विक्रोळीपर्यंत जातात. रिक्षाभाडं परवडेना, म्हणून गेल्याच्या गेल्या दिवाळीत एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून वॅगनआर घेतली, २ लाख ८५ हजारांना. मीटरवर ४८ हजार किलोमीटर. "एकहाती आहे, डॉक्टरांची गाडी," असं सांगितलं. (विकायला काढलेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच कशी असते, देव जाणे.)

पंधरा दिवसांत मुलुंड चेकनाक्याला गाडी बंद पडली. मेकॅनिकनं बॉनेट उघडायच्या आधी खाली वाकून ब्रेकच्या पेडलवर अंगठा फिरवला. रबरावरच्या रेघा पार पुसलेल्या, एका कोपऱ्यातून लोखंड दिसत होतं. "ताई, अठ्ठेचाळीस हजारांत एवढं झिजत नाही." मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुनी नोंद काढली. मला विकायच्या तीन महिने आधी हीच गाडी १,१२,४०० किलोमीटर चाललेली होती!

डीलरनं एक कागद पुढे केला. 'जशी आहे तशी घेतली' असं इंग्रजीत छापलेलं, खाली माझी सही. पुढचे आठ महिने "उद्या या" आणि "शेठ गावाला गेलेत" यात गेले. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, जुन्या गाडीला बिल नसतं. मला ते खरंच वाटलं.

माझ्याकडून रोज चार पोळ्या नेणारे एक आजोबा कोर्टातून निवृत्त झालेत. त्यांनी डोळे उघडले. माल विकून बिल न देणं हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, मालाबद्दल खोटं सांगणं तर आहेच. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. माझी वांद्र्याला झाली. मोजलेली किंमत ५ लाखांच्या आत, त्यामुळे फी शून्य. शेवटी ते म्हणाले, "आणि तुम्हाला वकीलही फुकट मिळेल." मी हसले. मोफत वकील कैद्यांसाठी असतो असं मी समजत होते. पण १९८७च्या विधी सेवा, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीच्या, कायद्यात स्त्रीला तो हक्क आहे, उत्पन्न कितीही असो.

आयोगात आपलं आपण बोलता येतं, वकिलाची सक्ती नाही, असं सगळे सांगतात. तेही खरं. पण डीलरचा वकील उठून म्हणाला, "गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणजे या बाई ग्राहकच नाहीत," तेव्हा मी एकटी असते तर माझी दातखीळ बसली असती. माझ्या वकीलबाईंनी कलम वाचून दाखवलं: स्वयंरोजगारातून पोट भरायला जी वस्तू आपण स्वतः वापरतो, ती 'व्यापारी हेतू'त धरत नाहीत. गाडी मीच चालवते, ड्रायव्हर ठेवलेला नाही, हे त्यांनी तक्रारीत आधीच लिहून ठेवलं होतं. मला ते सुचलं नसतं.

आणखी एक. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून नमुना २९-बीचं अधिकारपत्र घ्यावं लागतं. वडाळ्याला जाऊन चौकशी केली, तर माझ्या डीलरकडे ते नव्हतंच. आधी ठाऊक असतं तर दारातूनच मागे फिरले असते. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, चारही आरटीओंत अशा अधिकृत डीलरांची यादी मराठीत लावा, आणि तिच्याखाली आठवड्यातून एक दिवस विधी सेवेचा माणूस बसवा. परिवहन खात्याला खर्च किती? एक पत्र्याचा फलक, एक टेबल, दोन खुर्च्या.

कायद्यात निकालाची मुदत तीन महिने आहे, वस्तू तपासणीला पाठवली तर पाच. माझा दहावा महिना चालू आहे. गाडी दुकानामागे उभी आहे, डबे पुन्हा रिक्षानं जातात.

पत्र छापलंत तर विधी सेवेचा १५१०० हा नंबर तेवढा ठळक छापा. मी तो पिठाच्या डब्यावर खडूनं लिहून ठेवलाय. पोळ्या न्यायला येणाऱ्या दोघीतिघींनी उतरवूनही घेतला.

— एक पोळी-भाजीवाली, भांडुप (पश्चिम)