मंत्रिमहोदय, आमच्या तळ्यातल्या जलपिसवा संपल्या

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

मी पैठण तालुक्यातल्या भोयाचा मुलगा. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालो, 11 वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला वडील थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं उचलायला गेले आणि जाळ्याला हात न लावता काठावर येऊन बसले. कटले आ वासून पाण्यावर आले होते. उजाडेपर्यंत काठ पांढरा झाला. दसऱ्याला बाजारात न्यायचे म्हणून राखलेले सव्वा-दीड किलोचे मासे. आमच्या मच्छीमार संस्थेच्या हिशेबाने पावणेतीन लाख बुडाले. ते पुरायला आणलेल्या जेसीबीचं भाडंही आम्हीच वर्गणी काढून भरलं.

गेल्या साली असंच झालं तेव्हा खात्याचे साहेब आले होते. दर महिन्याला पाणी आणि त्यातले प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यासोबत तरंगणारे बारीक जीव, तपासू, असं त्यांनी संस्थेच्या वहीत लिहून खाली सही केली. ती वही आत्ता माझ्यापुढे उघडी आहे. त्यानंतर वर्षभरात एकच माणूस आला, तोही भर दुपारी बाराला. पायरीवर वाकून त्याने एक बाटली भरली आणि गेला. अहवाल आला, 'पाणी सामान्य'. अहो, या जिवांतल्या जलपिसवा बहुधा दिवसा खोल जातात, रात्री वर येतात. दुपारी काठावरच्या बाटलीत काय सापडणार होतं? जाळी नाही, सूक्ष्मदर्शक नाही, आणि सही मात्र आहे!

हे प्राणिप्लवक म्हणजे आमच्या तळ्यात रोटिफर, जलपिसवा आणि सायक्लॉप्स. कटला जन्मभर मुख्यतः यांच्यावरच पोसतो, रोहूची पिल्लंही यांच्यावरच वाढतात. तुम्ही बोटुकलीवर, म्हणजे तळ्यात सोडायच्या बोटाएवढ्या पिल्लांवर, अनुदान देता, पण ती बोटुकली तळ्यात काय खाणार, हे कुठल्याच अर्जात विचारलेलं मी पाहिलं नाही.

गिरणीच्या चाळणीचं बारीक कापड आणून मी स्वतः जाळी शिवली. माघात त्या जाळीतला थेंब काचेवर ठेवला की जलपिसू काचेसारखी आरपार दिसायची. पाठीशी धडधडणारं हृदय, त्याच्यामागे पिशवीत अंडी. मी वडिलांना दाखवलं होतं. ते बराच वेळ डोळा लावून बसले आणि म्हणाले, "हिचं पोट भरलं तं आपलं भरतंय म्हण की." आषाढात त्याच थेंबात जलपिसू एकही नव्हती. होते ते नुसते ब्रॅकिओनस जातीचे रोटिफर, जे सांडपाण्याच्या पाण्यात माजतात. मी फोन केला, अर्ज दिला, पोच घेतली. कुणी आलं नाही.

पुढचं सगळं डोळ्यांदेखत झालं. गावाचा नाला तळ्यात येतो, त्याने शेवाळ वाढलं. जलपिसू ते गाळून खाते, पण ती उरलीच नव्हती. पाणी हिरव्या रंगासारखं दाट झालं. तीन दिवस आभाळ भरलेलं, म्हणजे दिवसाही शेवाळाने प्राणवायू कमीच केला. रात्री शेवाळ प्राणवायू करत नाही, उलट घेतं, आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे पहाटेच का मेले, याचं उत्तर एवढं सरळ आहे.

कपाशीवरच्या फवारणीचं पाणीही ओघळून तळ्यातच येतं. जलपिसू कीटकनाशकाला इतकी नाजूक, की जगभर पाण्याचा विषारीपणा तिच्यावर तपासतात. 24 तासांच्या आतली पिल्लं घेऊन 48 तास बघायचं. इतकं स्वस्त यंत्र आमच्याकडे फुकट पोहत होतं!

आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना नारूचा जंत आठवतो. तो सायक्लॉप्समधून पोटात जायचा. तेव्हा सरकार आडा-बारवांवर आलं, पाणी गाळून प्यायला शिकवलं, आणि 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. म्हणजे हा जीव रोग आणत होता तेव्हा सरकारला तो दिसत होता. तो आमची चूल पेटवतो तर दिसेनासा होतो?

मराठवाड्याचं पाणी तुम्ही सगळे टीएमसीतच मोजता. जायकवाडी किती टक्के, वरून किती सुटलं, नगर-नाशिकशी भांडण किती. 2016 ला लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हाही लिटरच मोजले. पाणी जिवंत आहे का, हे कुणी विचारलं? 2017 पासून धरणांतला गाळ काढून शेतात टाकायची योजना आहे. शेतकऱ्याला गाळ हवाच, माझा विरोध नाही. पण तळं आटलं की जलपिसवांची टणक कवचातली अंडी त्याच गाळाच्या वरच्या थरात पाण्याची वाट बघत पडतात. सगळा तळ खरवडला तर पावसाळ्यात उगवायचं कुणी? एक कोपरा तरी राखा. हे सांगायला तज्ज्ञ लागतो, आणि तज्ज्ञ तासाच्या पैशावर, तेही सहा-सहा महिने थकवून, राबवता तुम्ही. या 11 वर्षांत माझं लग्न दोनदा मोडलं, आईचं ऑपरेशन मासळीच्या पैशावर झालं. यंदा मासळीही गेली.

नाला वळवा, भरपाई द्या, तालुक्याला एक सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा पगारी माणूस द्या.

माघापासूनच्या 14 बाटल्या फॉर्मालिनमध्ये ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर तारीख आहे. तळ्याच्या बांधावर संस्थेची खोली आहे, तिथल्या फळीवर. कुणालाही पाठवा. किल्ली वडिलांकडे असते, ते आता दिवसभर तिथेच बसलेले असतात.

आपला,
तळ्याकाठचा एक मास्तर