मी समुपदेशक नाही, मंत्रीमहोदय

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : महाविद्यालयातल्या फलकावरून माझं नाव काढण्याबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

पुण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी भूगोल शिकवते, तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर. एम.ए. आणि सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) होऊन १२ वर्षं झाली. पत्रास कारण की, आमच्या मुख्य इमारतीच्या जिन्याशेजारी एक फलक आहे. त्यावर 'विद्यार्थी समुपदेशन केंद्र' असं लिहिलंय, त्याखाली माझं नाव आणि नावापुढे 'समुपदेशक'. मी समुपदेशक नाही. मानसशास्त्राचा एकही पेपर मी आयुष्यात दिलेला नाही. दोन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण तेवढं केलं, त्यातला निम्मा वेळ आवाजच येत नव्हता. माझं नाव काढा म्हणून तीन लेखी अर्ज दिले. तिसऱ्याची पोचसुद्धा दिली नाही. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, आणि चारचौघांच्या देखत लिहिते आहे.

नाव तिथे आलं कसं, ते सांगते. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, आणि त्याचं बालकांच्या व किशोरांच्या मानसिक आरोग्याबद्दलचं प्रशिक्षण झालेलं हवं. वर्तमानपत्रात ही बातमी वाचली तेव्हा मी आनंदाने शेजारणीला दाखवली होती. ऑगस्टमध्ये आमच्याकडे बैठक झाली. जाहिरात द्यायची तर पद मंजूर नाही, पद मंजूर नाही तर पगार नाही. मग टेबलाभोवती नजर फिरली आणि माझ्यावर थांबली. 'मॅडम, मुलं तुमच्याशी मोकळेपणाने बोलतात.' मी नाही म्हणू शकले असते का? पुढच्या वर्षीचं नेमणूकपत्र त्याच टेबलावरून येतं. जिन्याखालची एक खोली मिळाली. तिच्यात एन.एस.एस.ची (राष्ट्रीय सेवा योजनेची) फावडी, घमेली आणि मागच्या वर्षीच्या कार्यक्रमांचे फ्लेक्स गुंडाळून ठेवले होते. अजूनही आहेत.

आता सप्टेंबरचं सांगते. इथे माझा हात थांबतो, पण सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

एस.वाय.बी.ए.चा एक मुलगा. करमाळा तालुक्यातला. सकाळी कॉलेज, संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत घरोघरी जेवणाचे डबे पोचवायचं काम. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा, एका खोलीत पाच जण. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, पण नकाशा भरायला दिला की सगळ्यांत सुबक त्याचा असायचा. त्या मंगळवारी दुपारी साडेचारला तो स्टाफरूमच्या दाराबाहेर उभा होता, सॅक पोटाशी धरून. म्हणाला, 'मॅडम, दोन मिनिटं होती का?' मला हडपसरच्या दुसऱ्या कॉलेजात सहाचा तास होता. डेक्कनवरून बस चुकली की तास चुकतो, तास चुकला की त्याचे पैसे जातात. मी चपला सरकवत म्हटलं, 'उद्या बोलू रे, नक्की.' तो 'हो मॅडम' म्हणाला. इतका पटकन म्हणाला की मला त्या पटकनपणाचं काहीतरी वाटायला हवं होतं. प्रशिक्षित माणसाला वाटलं असतं. मला वाटलं नाही, मी बस पकडली.

त्या रात्री त्याने स्वतःला संपवायचा प्रयत्न केला. खोलीतल्या मुलांना वेळेत कळलं, त्यांनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तो वाचला. हे मी दिवसातून कितीतरी वेळा स्वतःशी म्हणते, तो वाचला.

आठ दिवसांनी त्याचे वडील दाखला न्यायला आले. टोपी हातात घेऊन बसले होते. प्राचार्यांच्या केबिनमध्ये सगळे होते. व्यवस्थापनाने त्यांना शब्द दिला की दिवाळीच्या आत पूर्णवेळ समुपदेशक नेमतो, तुमच्या मुलावर आली ती वेळ दुसऱ्या कुणावर येऊ देणार नाही. बाहेर आल्यावर वडील माझ्याकडे बघून म्हणाले, 'तुम्हीच का त्या बोर्डावरच्या मॅडम? पोरगं म्हणत होतं, बोर्डावर नाव वाचलं म्हणून गेलतो.'

महोदय, हे वाक्य घेऊन मी गेले दोन महिने झोपते आहे. तो माझ्याकडे भूगोलाच्या मॅडम म्हणून आला नव्हता. फलक वाचून आला होता. तिथे माझं नाव नसतं तर तो कदाचित एखाद्या मित्राकडे गेला असता, एखाद्या नंबरावर फोन केला असता, आईला फोन केला असता. खोटा फलक नुसता निरुपयोगी नसतो. बुडणाऱ्याला तो दोर दाखवतो आणि दोराचं दुसरं टोक कुणाच्याच हातात नसतं. माझी आई म्हणते, तू इतकी मनाला लावून घेऊ नकोस. मग कुणी लावून घ्यायचं? ज्यांनी पद मंजूर केलं नाही ते लावून घेतायत का?

दिवाळी आली, गेली. समुपदेशक आला नाही. त्याच्याऐवजी विद्यार्थी-स्वास्थ्य सप्ताह आला. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, तो धरून. मैदानात मांडव पडला, कमान उभी राहिली. झुंबा झाला, हास्ययोग झाला, रांगोळी स्पर्धा झाली, 'सकारात्मक विचार' या विषयावर दोन तासांचं भाषण झालं. एक चौकट केली होती, तिच्यात तोंड घालून फोटो काढायचा, वर लिहिलेलं 'मी आनंदी आहे'. हजेरी सक्तीची. प्रत्येक कार्यक्रमाचे जिओ-टॅग केलेले फोटो हवेत, कारण महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषात, 'विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती' या मथळ्याखाली, ते जोडायचे असतात. फोटो काढायला मीच होते. मुलांना मी सांगत होते, जरा हसा. त्या मुलाच्या खोलीतली दोन मुलं रांगेत उभी होती. तीही हसली.

मांडवाला किती गेले ते मला कुणी सांगितलं नाही. आमच्या गल्लीतल्या मांडववाल्याला मी मोजमाप सांगून विचारलं. तो म्हणाला, आठवड्याचे स्पीकरसकट दीड-दोन लाख धरा. बरोबर असेल, चूक असेल. पण त्या पैशांत प्रशिक्षित माणूस चार-पाच महिने तरी रोज त्या जिन्याखालच्या खोलीत बसला असता, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

कार्यक्रमांना माझा विरोध आहे असं कृपा करून समजू नका. उलट, कार्यक्रमांनी मुलं सावरताना मी डोळ्यांनी पाहिली आहेत. १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा होते आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एकांकिकेच्या तालमी सुरू झाल्या की वर्षभर तोंड न उघडणारी पोरं प्रकाशयोजनेवरून भांडायला लागतात, रात्री एकाच प्लेटमधली मिसळ सहा जण खातात. भरत नाट्य मंदिरात आमच्या एकांकिकेला बक्षीस मिळालं नाही त्या वर्षी मुलं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली होती, आणि ते रडणं मला त्या 'मी आनंदी आहे'च्या चौकटीपेक्षा शंभर पटींनी निरोगी वाटलं. एन.एस.एस.चं सात दिवसांचं शिबिर घ्या. रात्री भांडी घासताना मुली जे बोलतात ते वर्गात कधीच बोलत नाहीत. हे सगळं मुलांचं स्वतःचं असतं, म्हणून ते चालतं. आणि नेमकं हेच आम्ही आखडत आणलं आहे. तालमीचा हॉल आता सहाला बंद होतो. कारण रात्रपाळीचा शिपाई निवृत्त झाला आणि ती जागा भरली नाही.

बघा, कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी न भरलेल्या जागेवरच येते.

माझीच जागा घ्या. मला आठवड्याला ९ तास मिळतात, तासाला ९०० रुपये. म्हणजे आठवड्याचे ८,१०० रुपये, तेही तास होतात तेवढेच महिने. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, उन्हाळा यांचे शून्य. जूनपासून घेतलेल्या तासांचं मानधन मागच्या वर्षी फेब्रुवारीत हातात पडलं. म्हणून दुसरं कॉलेज, म्हणून हडपसरची बस, म्हणून 'उद्या बोलू रे'. त्या मंगळवारी मी पूर्णवेळ शिक्षक असते, तर निदान थांबून दोन मिनिटं दिली असती. ऐकून घ्यायला पात्रता लागते, पण त्याआधी बसायला वेळ लागतो. आपल्या राज्यातली कितीतरी महाविद्यालयं माझ्यासारख्या तासावारी माणसांवर चालतात. जी बाई स्वतः दर जूनला कामावर राहणार की नाही या धास्तीत असते, तिने एकविसाव्या वर्षी धास्तावलेल्या मुलाला काय धीर द्यायचा? चाळिशीत मी अजून आईच्या पेन्शनमधून विजेचं बिल भरते. आपण हे लिहू नये असं मला घरच्यांनी सांगितलं होतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे मी काढून पाहिले. त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सगळ्यांत जास्त आपल्या महाराष्ट्रात, १,७६४. भागाकार केला तर रोजचे जवळजवळ पाच येतात. पहिला क्रमांक आहे म्हणून कमान उभारणाऱ्या राज्याला हा पहिला क्रमांक दिसत नाही का? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा प्रत्येक माणसाला सरकारी खर्चाच्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देतो. २०१९ च्या एका अभ्यासात देशात लाखामागे मनोविकारतज्ज्ञ निघाले ०.७५, म्हणजे पूर्ण एकसुद्धा नाही. मग हा हक्क मुलाने कुठल्या दारावर जाऊन मागायचा? पुण्यात आजही कुणी मन मोकळं करायला कुठे जातो म्हटलं की हसून विचारतात, येरवड्याला का, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. ती लाज घालवायला सरकारने काय केलं? आम्हाला झुंब्याचं परिपत्रक पाठवलं.

आणि मुलांना यात विचारलंय कुणी? १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या, २०१६ च्या कायद्याने त्या परत आणायचं ठरलं, आमच्या मुलांनी अजून एकही मतपेटी पाहिलेली नाही. कसला सप्ताह हवा, मेस किती वाजेपर्यंत उघडी हवी, शिष्यवृत्तीचा हप्ता परीक्षा झाल्यावर का येतो, हे मांडायला त्यांचा माणूस कुठल्याच टेबलावर नाही. त्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज एका कागदासाठी दोनदा परत आला होता. हे मला त्याच्या मित्राने नंतर सांगितलं. कदाचित त्या दोन मिनिटांत तो तेच सांगणार होता. मला कधीच कळणार नाही.

मागच्या आठवड्यात सप्ताहाचा अहवाल माझ्यापुढे आला, सहीसाठी. त्यात एक रकाना आहे, 'समुपदेशनाचे लाभार्थी : संख्या'. कार्यालयातून सांगितलं, चाळीस-पन्नास टाका, सगळे टाकतात. मी त्या रकान्याकडे किती वेळ बघत बसले ते माझं मला माहीत. त्या मुलाला मी लाभार्थी म्हणून मोजायचं होतं का? मी सही केली नाही. जूनमध्ये त्याची किंमत चुकवावी लागेल, हे समजून केली नाही.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक महाविद्यालयात समुपदेशकाचं पद मंजूर करा, पगारासकट, आणि ते तासावारी भरू नका. न्यायालयाने लावलेल्या अटीत बसणाराच माणूस त्यावर नेमा. तोपर्यंत ज्या ज्या फलकावर भूगोलाच्या, रसायनशास्त्राच्या, ग्रंथालयाच्या माणसांची नावं समुपदेशक म्हणून रंगवली आहेत, ती पुसायचा आदेश काढा. त्या जागी १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा. तो ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. न्यायालयाने तो वसतिगृहात, वर्गात, दर्शनी भागात लावायला सांगितला आहे. आमच्या कॉलेजात तो कुठेच नाही. फोनवरचा माणूस समोरच्या माणसाची जागा घेत नाही, पण तो निदान हडपसरची बस पकडायला पळत नाही.

परवा संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एका पांढऱ्या कागदावर तो क्रमांक लिहून फलकावरच्या माझ्या नावावर चिकटवला. काल सकाळी येऊन पाहिलं तर कागद काढलेला होता, खळ तेवढी राहिली होती. तिच्यातून माझं नाव दिसतं. आज दुपारी एफ.वाय.ची एक मुलगी ते वाचत उभी होती. मला पाहून तिने नजर खाली केली आणि निघून गेली. मी तिच्या मागे गेले, पण जिन्यावरच्या गर्दीत ती मला सापडली नाही. उद्या सकाळी सातपासून मी त्या जिन्यापाशी उभी राहणार आहे. हडपसरचा तास मी सोडला आहे.

आपली,
तासिका तत्त्वावरील एक सहायक प्राध्यापक,
पुणे