सन्मान संशोधकांचा आणि त्या अनाम कुटुंबाचाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिकलसेल आणि थॅलेसेमियावरील संशोधनाबद्दल डॉ. स्वी ले थेन आणि डॉ. स्टुअर्ट ऑर्किन यांना २०२४ चा शॉ पुरस्कार (हाँगकाँगचा विज्ञानातील मानाचा पुरस्कार) मिळाला, त्याविषयीचा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. माझा मुलगा थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे मोठेपणीचे हिमोग्लोबिन शरीरात पुरेसे न बनण्याचा आनुवंशिक आजार त्याला आहे. गेली एकोणीस वर्षे दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते, म्हणून लेखात राहून गेलेली एक गोष्ट लिहावीशी वाटते.

गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते आणि जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणे जवळजवळ थांबवते. थॅलेसेमिया मेजरचे मूल जन्मतः ठणठणीत दिसते आणि पुढे सहाव्या-आठव्या महिन्यापासून पांढरे पडू लागते, ते यामुळेच. मात्र काही जणांत हे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही टिकून राहते आणि त्यांचा आजार सौम्य होतो. असे का घडते, याचा माग डॉ. थेन यांनी ज्या एका विस्तीर्ण कुटुंबात काढला, ते भारतीय वंशाचे होते. त्यांच्या रक्तावरून १९९६ मध्ये या हिमोग्लोबिनवर परिणाम करणारी सहाव्या गुणसूत्रावरील एक जागा हाती लागली. पुढे दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल११ए हे जनुक समोर आले, आणि या हिमोग्लोबिनला लगाम घालणारे ते हेच, हे ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवले. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, तो लगाम सैल करून त्या परत देण्याच्या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेत त्याची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे; आमच्यासारख्यांनी ती वाचायची आणि पुरवणी घडी करून ठेवायची, इतकेच.

शोधनिबंधात त्या कुटुंबाचे नाव नाही, आणि नसावेच. पण आजी, काका, चुलत-मावस भावंडे अशा साऱ्यांनी रक्त काढू दिले, म्हणून तो माग लागला. आपल्याकडे याच्या नेमके उलट चालते. माझ्या पत्नीला गरोदरपणी हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. एचबीएटू (आजाराचे वाहक ओळखणारी रक्तचाचणी) पाहण्याचे कोणाच्या मनात आले नाही, कारण ‘हा सिंधी-गुजराती लोकांचा आजार’. मुलाचे निदान झाल्यावर आम्ही दोघेही मायनर, म्हणजे आजाराचे नुसते वाहक, निघालो, तेव्हा मी सगळ्या भावंडांना तपासणी करून घ्या म्हणून सांगितले. एकच भाऊ गेला. बाकीच्यांचे उत्तर ठरलेले होते: मुलींची लग्ने व्हायची आहेत, उगाच स्थळ मोडेल.

वास्तविक मायनर माणसाला फार तर हिमोग्लोबिन थोडे कमी असते, एरवी सहसा काही त्रास होत नाही. आई-वडील दोघेही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि गर्भाची चाचणी करून ते वेळीच कळू शकते. एवढी साधी गोष्ट सांगायला संकोच का वाटावा? १९५२ मध्ये डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला दुर्मीळ ‘बॉम्बे’ रक्तगट ज्या शहराचे नाव मिरवतो, तिथे तरी रक्ताबद्दल एवढी लपवाछपवी असू नये.

आमचा मुलगा सतत रक्त चढवल्याने शरीरात साठणारे लोह कमी करण्याची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी पेल्यात विरघळवून घेतो. तळाशी खडूसारखा गाळ राहतो, त्यात पुन्हा पाणी घालून तोही प्यावा लागतो. तो पेला समोर ठेवूनच त्याने आपला लेख वाचला आणि विचारले, ‘‘बाबा, त्या फॅमिलीतल्या लोकांना बक्षिसाचं कळवलं असेल का?’’ मला उत्तर देता आले नाही.

गेल्या महिन्यात मात्र चुलत भावाच्या मुलीचा फोन आला. तिचे लग्न ठरते आहे. एचबीएटूसाठी उपाशीपोटी जावे लागते का, एवढेच तिने विचारले. लागत नाही, असे मी तिला सांगितले. आपल्या वाचकांनाही कृपया कळवावे.

आपला,
एक पालक, लालबाग, मुंबई