पेटीतला ओलावा कोण मोजणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अंडी उबवायच्या पेटीसोबत येणाऱ्या कागदावर तापमान ठळक छापतात आणि आर्द्रता कोपऱ्यात. माझी पहिली खेप त्या कोपऱ्यानेच बुडवली. पेटी ३७.५ अंशांवर स्थिर, मी खूश. पाण्याची वाटी मात्र पहिल्या दिवसापासून काठोकाठ. एकविसावा दिवस उलटला, काही हालचाल नाही. चोविसाव्या दिवशी अंडी फोडली, तर पूर्ण वाढलेली पिल्ले आतच मेलेली, ओलीचिंब. बोथट टोकाकडची हवेची पोकळी जेमतेम नखाएवढी.

अठराव्या दिवसापर्यंत आतले पाणी उडून अंड्याचे वजन साधारण १२ टक्के घटावे लागते, तेव्हाच ती पोकळी पुरेशी वाढते. ६० ग्रॅमचे अंडे ५३ च्या आसपास यावे. त्यासाठी आधी ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता पुरते. शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० हवी, नाहीतर कवच टोचलेल्या पिल्लाभोवती पापुद्रा वाळून चिवट होतो. तेव्हा झाकण उघडून डोकावू नये. (मला अजूनही राहवत नाही.)

तापमान अंशभर चढे राहिले तर पिल्ले लवकर निघतात, पण बेंबी कच्ची राहते. उतरले तर उशीर.

आणखी एक. आर्द्रतामापक ओलसर मिठाशेजारी बंद डब्यात काही तास ठेवा, त्याने ७५ दाखवायला हवे. माझा ६४ दाखवत होता. पेटी बनवणाऱ्यांनी एवढे तरी त्या कागदावर छापावे.

आपला,
एक हौशी कोंबडीपालक