मृगाच्या तिसऱ्या दिवशी

१० जून २०२५

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

तुझी आई वडाला गेलीय. वाड्यातल्या सगळ्या बायका मिळून गेल्यात, म्हणजे तासभर तरी येत नाही. तेवढ्यात लिहून काढतो. तात्यांचा पोरगा गुरुवारी चाकणला परततोय, त्याच्याजवळ देईन. फोनवर आपलं दोघांचं काय होतं ते रविवारी दिसलंच. मी म्हणालो तुझे पैसे मला नकोत, आणि तू फोन ठेवलास. त्यानंतर आईशी दोनदा बोललास, पण मला बोलावलं नाहीस. ठीक आहे. मीही बोलावलं नसतं.

पैशाचं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. पाऊसपाण्याचं लिहितो.

तू म्हणालास, गावात पेरण्या झाल्या, आण्णा, तुमचंच घोडं कुठे अडलंय. ते मे महिन्यातच अडलंय बाबा. यंदा उन्हाळा झालाच नाही. वळीव कसा असतो, तासभर धिंगाणा घालतो, एखादा पत्रा उडवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. हा मेच्या पहिल्या आठवड्यात आला तो बसूनच राहिला. तोवर २४ मेला मान्सून केरळात आणि २६ ला मुंबईत. बातम्यांत कौतुकानं सांगत होते की मुंबईत इतक्या लवकर कधी आला नव्हता. आणि इथे जांभळीखालच्या दोन एकरांना नांगरसुद्धा लागला नव्हता.

कांदा निघाला की नांगर घालायचा आणि ढेकळं महिनाभर तापू द्यायची, हे तुला मी काय सांगू. हुमणी, लष्करी अळीचे कोष वर येतात, उन्हानं मरतात, उरलेले बगळे टिपतात. हरळीच्या काशा वाळतात. यंदा काशा वाळायच्या सोडून फुटल्या, वीतभर हिरवं उभं राहिलं. ओल्यात नांगर घातला असता तर चिखलाचे गोळे निघाले असते. ते वाळले की दगड. मग त्यावर दोनदा रोटर फिरवा, ट्रॅक्टरवाल्याचं मीटर चालूच.

म्हणून रोज सकाळी जातो, वीतभर खालची माती उकरतो, मुठीत दाबतो आणि कमरेच्या उंचीवरून सोडतो. परवापर्यंत ती पडायची आणि भाकरीसारखी चपटी व्हायची. काल पहिल्यांदा फुटली. तीन तुकडे झाले आणि बाजूला थोडा भुगा. मी तसाच उभा राहिलो जरा वेळ, तंबाखू मळत. वापसा आला म्हणायचा.

आणि पेरलं म्हणतोस ना, त्यांचंही बघ. आपल्या खालच्या बांधावाल्यांनी रोहिणीतच सोयाबीन टाकलं. कृषी खातं घसा फोडून सांगत होतं की घाई करू नका, पण ओल बघितली की माणसाचे हात शिवशिवतात. पुढे उघडीप पडली आणि वरून खपली धरली. काल मी तिथली खपली नखानं उचलून बघितली. खाली कोंब होते, पण वर निघायला जागा नाही म्हणून आडवे झालेले, गोगलगाईच्या मानेसारखे. तीस किलोची पिशवी कशाला पडते ते तुला माहीत आहे. ते आता मोडून पुन्हा पेरणार. त्यांच्या घरी दोघे नोकरीला आहेत, त्यांना परवडतं.

हे बघ, पैशाचं निघालंच.

कांद्याचं तुला आईनं सांगितलंय, पण तिनं हात राखून सांगितलंय. दोन एकरांचा काढून पातीखाली झाकून ठेवला होता, चार दिवसांनी कांदाचाळीत भरायचा, तर तेवढ्यातच गाठलं. ताडपत्र्या टाकल्या, पण खालून पाणी वाहिलं त्याला काय करणार. साठेक क्विंटल ओलाच विकला, सातशेनं. म्हणजे बेचाळीस हजार. बाकीचा चाळीत घातलाय आणि रात्री वारं फिरलं की घरापर्यंत वास येतो. आई उदबत्ती लावते. याच कांद्यावर सोसायटीचं नवं-जुनं करायचं होतं, जुनं कर्ज भरून नवं उचलायचं होतं, त्यावरच बी-खत, त्यावरच भावकीतल्या लग्नाचा आहेर. कर्जमाफी होणार, भरू नका, असं गावात सगळेच म्हणत होते. मीही मार्चमध्ये थांबलो, खोटं कशाला बोलू. तो माझा लोभ. त्यात तुझा काही दोष नाही.

तेव्हाच तू साठ हजार पाठवलेस.

सागर, गेल्या गुरुवारी माझ्या फोनवर एक फोन आला. कोणी मुलगी होती, हिंदीत बोलत होती. "आप उनके फादर बोल रहे हैं?" म्हणाली. मी हो म्हणालो, मला वाटलं कंपनीतून आहे, काही लागलं-बिगलं की काय तुला. हातातला विळा खाली ठेवला मी. तर ती म्हणाली, तुमच्या मुलाच्या लोनचा हप्ता आहे आणि तुमचा नंबर त्यानं दिलेला आहे. महिन्याला तीन टक्के म्हणाली. मी दोनदा विचारलं, वर्षाला का? तर महिन्याला.

रविवारी मी तुला हे सांगायला हवं होतं. ते सोडून ओरडलो. आई शेजारीच बसली होती, तिच्यासमोर तोंडातून निघेना. तिला अजून माहीत नाही आणि तूही सांगू नकोस. आज उपास आहे तिचा.

महिन्याला तीन म्हणजे वर्षाला छत्तीस, आणि मला सोसायटीचं पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत भरलं तर बिनव्याजी पडतं. बापाला बिनव्याजी आणि पोराला छत्तीस, हा कुठला हिशेब? मोबाईलवर दोन बटणं दाबली की पैसे येतात, मान्य. सावकाराच्या ओट्यावर निदान टोपी काढून बसावं लागायचं, तेवढ्यात माणूस दोनदा विचार करायचा. तुला बावीस हजार पगार, त्यात खोलीचं भाडं, मेस, गाडीचा हप्ता. उरतं काय? आणि मागे मी स्वतः तुला बजावलं होतं की कोणाला जामीन राहू नकोस, कोणाचं...

असो. हे सगळं मी रविवारीच बोलून चुकलोय, फक्त कारण न सांगता. माझ्यासाठीच काढलेस ना? मग मी कोण तुला सुनावणार.

पण एक सांगू दे. २००९ ला असाच मान्सून केरळात लवकर आला होता, २३ मेला. लोक असेच हरखले होते. नंतर जो अडला तो अडलाच, जून कोरडा गेला. आपली बाजरी करपली, दुबार केली. तू नऊ वर्षांचा होतास. दुसऱ्या पेरणीला ट्रॅक्टर परवडेना म्हणून बैलांची पाभर काढली, चाड्यात दाणे सोडायला आजीची मूठ. तू मागून चालत होतास आणि मातीवर सांडलेला एकेक दाणा उचलून फ्रॉकमध्ये, म्हणजे शर्टाच्या ओच्यात, गोळा करत होतास. (फ्रॉक तुझ्या आक्काचा. माझ्या डोक्यात तुम्ही दोघं एकत्रच येता आता.) संध्याकाळी ते मूठभर दाणे आजीला परत दिलेस, मोजून. किती होते ते तू सांगितलेलं, मी विसरलो.

त्या बियाण्याचे पैसे मी कुठून आणले होते हे तुला माहीत नाही. कपिला गाय विकली हे तुला माहीत आहे, तू दोन दिवस जेवला नव्हतास. पण कपिला त्याच्या आदल्या वर्षीच गहाण होती, म्हणजे शब्दानं. ती सोडवण्याच्याच भावात गेली. पेरणी झाली ती आईच्या पाटल्यांवर. त्या परत यायला सात वर्षं लागली. आणि मी सगळ्यांना सांगत होतो, पॉलिशला टाकल्यात.

तर फोनवर ती पोरगी बोलत होती तेव्हा मला तेच ओळखीचं वाटलं.

आता पेरणीचं. बियाणं-खत मी फोन यायच्या आधीच घेऊन बसलो होतो. मक्याच्या चार पिशव्या सात हजार दोनशे, डीएपीच्या चार गोण्या पाच हजार चारशे, नांगर आणि रोटरचे पाच हजार चारशे. अठरा झाले. दुकानदार डीएपीबरोबर कसलीशी बाटली गळ्यात मारत होता, मी घेतली नाही, तासभर बसून राहिलो तेव्हा दिल्या गोण्या. उरलेले बेचाळीस हजार खात्यावर तसेच आहेत, हात लावलेला नाही. आज बँक उघडली की तुला परत पाठवतोय. ते आधी त्या लोनवाल्यांच्या तोंडावर मार. रागानं पाठवत नाही, एवढं समजून घे.

म्हणजे यंदा फक्त वरचे दोन एकर, मका. सोयाबीनच्या फंदात पडत नाही. हमीभाव ५,३२८ केलाय म्हणे. गेल्या वर्षी ४,८९२ होता आणि आपलं चार हजार शंभरला गेलं, ते आठवतंय मला. जांभळीखालचं पड ठेवतो, तिथे हरळी वेचू आणि लाल कांद्याला बघू. एक रुपयातला पीकविमाही गेला. आता दोन टक्के भरायचे आणि भरपाई फक्त कापणी प्रयोगावर, म्हणजे पीक कापून उतारा मोजतात त्यावर. पेरताच आलं नाही त्याचं काही मिळत नाही. तरी मक्याचा उतरवतो, तू म्हणशील म्हणून.

घरचं बियाणं थोडं होतं सोयाबीनचं, त्याची उगवण घेतली सहज. गोणपाटात शंभर दाणे, ओलं करून काही दिवस गुंडाळून ठेवलं. आज सकाळी उघडलं तर एकोणसाठ उगवलेले. सत्तरच्या खाली असलं की पेरण्यात अर्थ नाही. लहानपणी हे मोजायचं काम तुझं होतं. मी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा एकोणसाठच.

तुझा हेल्मेट घातलेला फोटो तात्यांना दाखवला. ते म्हणाले, लाईनवरचा साहेब दिसतो. मी म्हणालो, आहेच. नोकरी सोडून येतो वगैरे मागे बोलला होतास, तसलं काही मनात आणू नकोस. आणायचंच असेल तर कांद्याला भाव आल्यावर आण. आलास तर मला वाईट वाटणार आहे असं नाही. पण आत्ता नको.

आई आली बहुतेक, गेट वाजलं.

लोणच्याची बरणी तात्यांच्या पोराजवळ देतोय. झाकणाला फडकं बांधलंय, पिशवीत उभीच ठेवायला सांग त्याला. आणि त्या लोकांचे एकूण किती घेतले होतेस, किती फेडले, किती राहिले, हे कागदावर आकड्यात लिहून त्याच्याजवळच परत दे. फोनवर नको. साठच होते की जास्त, तेवढं खरं लिही.

तुझा,
आण्णा