पॅनल सॉचं स्कोरिंग युनिट बदलून द्या, नाहीतर मशीन परत घ्या

प्रति,
सर्व्हिस विभाग प्रमुख यांना

विषय: ३२०० एमएम स्लायडिंग पॅनल सॉ, स्कोरिंग शाफ्टला प्ले (ढिलेपणा) असल्याबद्दल

सर नमस्कार,

तुमच्या डीलरकडून आम्ही बोर्ड कापायचा पॅनल सॉ, कडेला पट्टी चिकटवायचं एज बँडिंग आणि डस्ट कलेक्टर तिन्ही मशीन एकदमच घेतली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटं शेड आहे आमचं, मी आणि माझा भाऊ मिळून किचन आणि वॉर्डरोबची कामं करतो. बाकी दोन मशीनबद्दल काहीच म्हणणं नाही, चांगली चाललीत. तक्रार पॅनल सॉची आहे, तीही फक्त त्यातल्या स्कोरिंगची, म्हणजे मेन ब्लेडच्या आधी खालून रेघ मारणाऱ्या छोट्या ब्लेडची, पण स्कोरिंगच नीट नसेल तर लॅमिनेटच्या कामाला हे मशीन घेऊन आम्ही करायचं काय ते सांगा.

कट मारला की खालची कड फूट-दीड फूट एकदम साफ येते, मग मध्येच चिप निघायला लागतात, परत थोडं साफ, परत चिप. गडद वॉलनटच्या प्रीलॅम (आधीच लॅमिनेट चढवलेल्या) बोर्डवर तर आतला फिकट बोर्ड दिसतो, लांबून पण दिसतो, आणि कडेवरून बोट फिरवलं की खरखर लागतं. वरची बाजू मात्र एक नंबर. म्हणजे मेन ब्लेडला धार आहे, ते बरोबर कापतंय. मेन ब्लेडचे दात वरून खाली येतात म्हणून खालचं लॅमिनेट उडतं, ते उडू नये म्हणूनच तर पुढं १२० एमएमचं छोटं ब्लेड उलट्या दिशेनं फिरून आधी एक-दोन एमएम खोल रेघ मारतं, आणि ती रेघच जर कटाच्या लायनीत राहत नसेल तर त्या ब्लेडचा उपयोग काय.

तुमचा मेकॅनिक इन्स्टॉलेशनला आला तेव्हा त्यानं मोटर चालू केली, फेज बघितले, एक छोटा तुकडा कापून दाखवला आणि रिपोर्टवर सही घेऊन गेला. आठ फुटी शीट त्यानं कापलीच नाही. नंतर फोनवर आम्हाला सांगितलं की तुमचा प्लाय हलका असेल. सर, आम्ही आयएस ७१० चा मरीन प्लाय कापला, आयएस ३०३ चा साधा एमआर प्लाय कापला, प्रीलॅम कापला, तिन्हीत चिप खालच्याच बाजूला आणि तशाच अधूनमधून. मग म्हणाले व्होल्टेज कमी असेल, वायरमनला बोलावून मशीन चालू असताना मोजलं, तिन्ही फेजमध्ये ४१० च्या आसपास आहे. मग म्हणाले ब्लेड कंझ्युमेबल आहे, वॉरंटीत येत नाही. ब्लेड मागतंय कोण? नवीन स्कोरिंग ब्लेड स्वतःच्या पैशानं आणून लावलं, तरी तेच.

शेवटी ओळखीच्या टर्नरला शेडवर आणलं. मेन स्विच बंद करून, बेल्ट काढून त्यानं स्कोरिंगच्या शाफ्टला डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं काट्याचं मीटर) लावला आणि शाफ्ट हातानं आतबाहेर ढकलला, काटा ०.३ एमएम हलतोय. व्हिडिओ सोबत पाठवलाय, त्यात काटा स्पष्ट दिसतो. मेन ब्लेडचा कट ३.२ एमएमचा, स्कोरिंगची रेघ त्याच्यापेक्षा जेमतेम ०.१ ते ०.२ एमएम रुंद ठेवायची असते. शाफ्टच ०.३ हलत असेल तर साइडचा नॉब कितीही फिरवा, सेटिंग टिकणार कसं? हा बेअरिंगचा नाहीतर हाऊसिंगचा दोष आहे, आणि मशीन तुमच्याकडून तसंच आलंय.

मला सगळ्यात जास्त राग आला तो तुमच्या सेल्सवाल्याचा. तो म्हणतो प्री-मिलिंगवालं एज बँडिंग घ्या, ते कड थोडी घासून काढतं, चिप निघून जातील. म्हणजे एका मशीनचा दोष झाकायला आम्ही दुसरं महागडं मशीन घ्यायचं? मुद्रा लोनचा हप्ता दर महिन्याला कटतोय इथं. जुळे सोलापुरातल्या एका घराचा वॉर्डरोब अडकलाय, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला त्यांच्याकडं पाहुणे येणार म्हणून त्याआधी द्यायचा शब्द दिलाय आम्ही. सध्या शीट मोठी कापायची आणि राउटरनं कड साफ करून मापात आणायची असं चाललंय, त्यात डबल मजुरी जाते आणि माल वाया जातो तो वेगळाच.

आमचं मागणं सरळ आहे. डायल गेज घेऊन येणारा मेकॅनिक पाठवा, आख्खं स्कोरिंग युनिट वॉरंटीत बदला, आणि आमच्यासमोर आठ फुटी प्रीलॅम शीट दोन्ही बाजूंनी साफ कापून दाखवा, सही त्यानंतरच मिळेल. ते जमत नसेल तर मशीन उचला आणि जीएसटीसकट पैसे परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. धंद्याचं मशीन आहे, तुम्ही ग्राहक होत नाही असं तुमच्या ऑफिसातून सांगितलं गेलं, पण स्वतःचं पोट भरायला स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते आणि केस आम्ही राहतो तिथं करता येते, हे वकिलांना विचारून घेतलंय.

बिल, वॉरंटी कार्ड, इन्स्टॉलेशन रिपोर्ट आणि चिपचे फोटो जोडलेत. शेड सकाळी नऊपासून उघडं असतं, मेकॅनिक येणार असेल तर आदल्या दिवशी फोन करा, शीट तयार ठेवतो.

आपला ग्राहक,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर