साठ शब्द मोजले, अर्थाचं काय?

महोदय,

तिसरीच्या मुलाने अनोळखी उतारा मिनिटाला किमान ६० शब्द या वेगाने अर्थासह वाचावा, असं २०२१ साली सुरू झालेल्या, मुलांचं पायाभूत वाचन आणि गणित पक्कं करण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट आहे. अधिकाऱ्यांच्या शाळाभेटीत मात्र मोबाइलवर वेळ लावली जाते, शब्द मोजले जातात आणि पुढच्या मुलाला हाक मारली जाते. 'अर्थासह' तपासायचं राहूनच जातं. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला शिकवते, म्हणून कळकळीनं लिहिते आहे.

माझ्या वर्गातला एक मुलगा धडाधड वाचतो. एकदा चिठ्ठ्यांचा खेळ घेतला. चिठ्ठी मनात वाचायची आणि लिहिलंय तसं न बोलता करायचं. त्याच्या चिठ्ठीत होतं, 'फळ्याजवळ जा, पण खडू उचलू नकोस.' तो गेला आणि खडू हातात घेऊन उभा राहिला. नुसतं मोठ्यानं वाचून घेतलं असतं, तर हे माझ्या लक्षातच आलं नसतं.

तेव्हापासून पाठकोऱ्या कागदांवर वाक्यपट्ट्या लिहिते. चौघाचौघांचा गट, पट्ट्या क्रमानं लावून गोष्ट जुळवायची. 'आजीने लोणी काढलं.' 'मांजर ओट्याजवळ घुटमळू लागलं.' 'म्हणून तिने ते शिंक्यात ठेवलं.' एका गटानं तिसरी पट्टी पहिली लावली, तर शेजारची मुलगी म्हणाली, "ती म्हणजे कोण, ते अजून आलंच नाही की!" मग दुसऱ्यानं विचारलं, "ते म्हणजे मांजर?" वर्ग खो खो हसला. पण मांजर घुटमळत होतं म्हणूनच लोणी वर ठेवलं, हे त्यांचं त्यांनीच वाद घालून ठरवलं. सर्वनामांचे स्वाध्याय मी कितीदा सोडवून घेतलेत. असा वाद एकदाही झाला नव्हता.

याच खेळात एकदा भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, "बाई, गोंधळ फार आहे, पुस्तकं काढायला लावा." मुलांनी मुकाट्यानं पट्ट्या गोळा केल्या. फार वाईट वाटलं.

माझी विनंती एवढीच आहे. वेळ जरूर लावा, पण वाचून झाल्यावर 'कोणी?' आणि 'का?' असे दोन प्रश्न मुलाला विचारा. आणि वर्गात पट्ट्या मांडलेल्या दिसल्या, तर पाच मिनिटं खाली सतरंजीवर बसून मुलं काय भांडताहेत ते ऐका.

— एक प्राथमिक शिक्षिका, जुन्नर (जि. पुणे)